हजारी पाच : शाळेतला ग्रंथपाल आणि त्याचे शिक्षण

काही वर्षांपूर्वी नामपूर येथे परिसरातील माध्यमिक शाळांच्या ग्रंथपालांसाठी एक दिवसाची कार्यशाळा भरली होती. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. ग्रंथालयशास्त्राशी आमचा संबंध वाचकाचा, तज्ज्ञाचा नव्हे. तरीही दुपारच्या सत्रात ‘वाचनसंस्कृती’ या विषयावर बोलण्यासाठी आम्हांला पाचारण करण्यात आले होते. दुपारचे जेवण आणि वाचनसंस्कृती यांची सांगड आपल्याकडे कोणी घातली ठाऊक नाही; पण सकाळी कामाच्या गोष्टी आणि दुपारी संस्कृती, असा क्रम बहुतेक कार्यशाळांत ठरूनच गेलेला असतो. सकाळी दाखल नोंदवही संगणकावर कशी चढवावी, वर्गांक कसा द्यावा, वार्षिक पडताळणीचा तक्ता कसा भरावा, हे सारे तपशीलवार झाले होते. बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती आणि आम्ही मुलांच्या हाती पुस्तक देण्याची थोरवी सांगत होतो.

भाषण संपल्यावर मागच्या बाकावरचे एक ग्रंथपाल उठले. अर्धवेळ पदावर बरीच वर्षे काढलेले गृहस्थ. म्हणाले, “सर, तुम्ही सांगता ते सगळं पटतं. मुलांना पुस्तकं द्यायलाच पाहिजेत. पण हरवलं तर भरून कोणी द्यायचं, तेवढं सांगा.” सभागृहात हशा पिकला. आम्ही मुलांवर विश्वास टाकण्याविषयी दोन वाक्ये बोललो. ती त्या प्रश्नाला लागू नव्हती, हे बोलतानाच जाणवत होते. त्यानंतर प्रमाणपत्रे वाटली गेली आणि कार्यशाळा संपली.

हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. ग्रंथपालाला काय शिकवावे हे आपल्याकडे कोणी, केव्हा आणि कशासाठी ठरवले, याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा पहिला धागा सापडला तो नामपूरच्या शेजारच्याच तालुक्यात.

मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळ काशीराव गायकवाड यांचा जन्म झाला. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. तोवर त्यांचे शिक्षण असे फारसे झालेले नव्हते. पुढे याच राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून येते. तिचे पुढचे पाऊल मात्र तितक्या ठळकपणे येत नाही. शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती वाचायला काही नसेल तर शिकलेली अक्षरे दोन-चार वर्षांत विसरली जातात, तेव्हा सक्तीच्या शिक्षणावर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल तर गावोगावी ग्रंथालये हवीत, हा सयाजीरावांचा व्यवहारी हिशेब होता. ग्रंथालय हे त्यांच्या दृष्टीने शाळेचे शेपूट नव्हते. शाळेवर झालेल्या खर्चाचा तो विमा होता.

या कामासाठी त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथून विल्यम अॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालास बडोद्यात आणले. बोर्डन १९१३ पर्यंत राहिले. मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी त्यांनी बसवली, कटर आणि ड्यूई या दोन अमेरिकी पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण केले, आणि १९११ मध्ये ग्रंथालयाच्या कामाचा वर्ग सुरू केला. भारतातील ग्रंथपाल-प्रशिक्षणाचा आरंभ या वर्गापासून मानतात. पाठोपाठ १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभागही असत. ग्रंथपालाच्या धंद्याविषयी मराठीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहिले जात होते आणि ते बडोद्यात लिहिले जात होते, हे आम्हां मराठीच्या अध्यापकांना एम. ए. होईपर्यंत कोणी सांगितले नव्हते. आम्हीही ते आमच्या विद्यार्थ्यांना आजवर सांगितलेले नाही.

बोर्डन ज्या परंपरेतून आले ती परंपरा काय शिकवत होती, हे येथे पाहिले पाहिजे. जगातील पहिले ग्रंथपालविद्यालय मेल्व्हिल ड्यूई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात जानेवारी १८८७ मध्ये उघडले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते, त्यांतल्या सतरा स्त्रिया. महाविद्यालयाच्या विश्वस्तांना स्त्रियांचा हा प्रवेश मानवला नाही आणि दोन वर्षांत विद्यालयाला आल्बनीस हलावे लागले. या विद्यालयात जे विषय शिकवत, त्यांत हस्ताक्षर हाही एक विषय होता. तालिकापत्रे हाताने लिहावयाची, तेव्हा सर्व ग्रंथपालांचे अक्षर एकसारखे, सुटे आणि निर्विकार असावे, म्हणून एक खास वळण घोटवून घेतले जाई. आज याचे हसू येते. पण ग्रंथपालाच्या शिक्षणाचा कल आरंभापासून कोणीकडे होता हे त्या वळणदार अक्षरांत स्पष्ट दिसते. पुस्तकाची नोंद बिनचूक झाली पाहिजे, ते जागेवर सापडले पाहिजे, मोजणीत भरले पाहिजे. नामपूरच्या सकाळच्या सत्रात संगणक होता, एवढाच काय तो फरक.

बडोद्यात मात्र या शिस्तीला दुसरी एक बाजू जोडली गेली. गावाने काही रक्कम उभी केली की तितकीच रक्कम प्रांतपंचायतीने आणि तितकीच संस्थानाने घालावयाची, अशा तिहेरी भागीदारीतून खेडोपाडी ग्रंथालये निघाली. ती बहुधा शाळेत किंवा चावडी-धर्मशाळेत असत आणि पुष्कळ ठिकाणी शाळामास्तरच त्यांचा ग्रंथपाल असे. ज्या गावी ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च संस्थान सोसत असे. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता, स्त्रियांसाठी वेगळा होता. बोर्डन यांच्यानंतर हे काम सांभाळणारे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी १९१९ मध्ये बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर पुस्तकच लिहिले. ही पेटी आम्हांला त्या वर्गाइतकीच महत्त्वाची वाटते. पेटी म्हणजे परत येईल की नाही याची पुरती खात्री नसताना पुस्तक बाहेर पाठवणे. पुस्तक वाटेत फाटेल, भिजेल, एखादे राहून जाईल, हे संस्थानाने गृहीत धरलेले होते आणि त्याचा भार गावच्या मास्तरावर टाकलेला नव्हता.

याच्या पुढचा टप्पा मद्रासचा. शि. रा. रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आरंभी त्या निवांत जागी कंटाळले, मग इंग्लंडला जाऊन शिकून आले आणि पुढे जन्मभर त्याच कामात राहिले. त्यांची पाच सूत्रे आज ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. ती त्यांनी प्रथम कोणापुढे मांडली, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. डिसेंबर १९२८ मध्ये चिदंबरम येथे भरलेल्या प्रांतिक शिक्षण परिषदेत ती मांडली गेली. म्हणजे समोर शिक्षक मंडळी होती. १९२९ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाने त्यांच्या नेतृत्वाखाली प्रशिक्षणवर्ग सुरू केला तोही उन्हाळ्यात. हा काळ शाळेतील माणसांना सोयीचा, हे वेगळे सांगायला नको. १९३१ मध्ये हा वर्ग विद्यापीठाने आपल्याकडे घेतला आणि १९३७ मध्ये तो पदव्युत्तर पदविकेचा अभ्यासक्रम झाला.

या बढतीत शाळा मागे पडली, असे आमचे मत आहे. विद्यापीठीय पदविका म्हटली की प्रवेशाला पदवी आली, पूर्ण वर्ष आले, शुल्क आले. मुंबई विद्यापीठाची पदविका चाळीसच्या दशकात सुरू झाली तिचेही तसेच. शाळेतील माणसाला उन्हाळ्याच्या सुट्टीत जे मिळू शकले असते ते आता मोठ्या शहरात जाऊन राहणाऱ्यालाच मिळणार होते. रंगनाथन स्वतः शाळेला विसरले नाहीत. १९४२ मध्ये त्यांनी शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर पुस्तक लिहिले आणि १९७२ मध्ये ते गेल्यावर पुढच्या वर्षी जे पुस्तक प्रसिद्ध झाले तेही शालेय ग्रंथालयाविषयीच होते. पहिले सूत्र समजावताना ते युरोपातील जुन्या ग्रंथालयांकडे जातात, जेथे पोथ्या साखळदंडाने फळीला बांधून ठेवीत. या संदर्भात हार्वर्डच्या सिब्ली नावाच्या ग्रंथपालाची आख्यायिका आठवते. सारी पुस्तके आत आली, फक्त एका प्राध्यापकाकडे दोन राहिली, ती आणायला निघालो आहे, असे ते मोठ्या समाधानाने सांगत होते म्हणे. आपण या सिब्लीला हसतो. पण त्या दोन पुस्तकांची किंमत त्याच्या पगारातून कापली जाणार असती, तर आपण हसलो असतो काय?

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांची पाहणी केली. शालेय ग्रंथालयांविषयी आयोगाने जे लिहिले ते कठोर आहे. बहुसंख्य शाळांत ग्रंथालय म्हणावे असे काही नाहीच, असतील ती पुस्तके कपाटात कोंडलेली, आणि त्यांची देखरेख कारकुनाकडे किंवा ज्याला ना पुस्तकांची आवड ना या कामाची माहिती अशा शिक्षकाकडे, असा त्याचा आशय होता. उपाय म्हणून प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा आणि त्याला वरिष्ठ शिक्षकाच्या तोडीचे वेतन व स्थान द्यावे, असे आयोगाने सुचवले.

महाराष्ट्रात यातले काय झाले? प्रशिक्षण झाले, स्थान झाले नाही. ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्र वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले आणि दहावी-बारावी झालेल्या अनेक तरुण-तरुणींनी ते केले. पुढे नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९८९ ची, ग्रंथालयशास्त्राची पदवी नोकरी करता करता मिळवण्याची सोय केली. हे काम लहान नाही. बागलाणसारख्या तालुक्यात आज जो कोणी पदवीधर शालेय ग्रंथपाल भेटतो, त्याच्या पदवीवर बहुधा याच विद्यापीठाची मोहोर असते. परंतु १९६७ चा ग्रंथालय कायदा सार्वजनिक ग्रंथालयांसाठी झाला आणि ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे राहिले, तर शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. शाळेतील ग्रंथपाल शिकतो एका घरचे आणि खातो दुसऱ्या घरचे. त्याच्या सेवाशर्ती आल्या १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमातून आणि १९८१ च्या नियमावलीतून. तेथे तो शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत, लिपिकाच्या आणि प्रयोगशाळा साहाय्यकाच्या पंक्तीत. पद मिळायचे ते पटसंख्येवर. पट कमी तर पद अर्धवेळ, त्याहून कमी तर नाहीच. अर्धवेळ ग्रंथपालांनी पूर्णवेळ होण्यासाठी केलेल्या अर्ज-विनंत्यांचा आणि आंदोलनांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जानेवारी २०१९ मध्ये शिक्षकेतरांचा नवा आकृतिबंध आला, त्यातही ग्रंथपाल पटावरच मोजला गेला.

येथे आमच्या स्वतःच्या घराकडे बोट दाखवणे भाग आहे. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांसाठी अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग केल्याखेरीज आम्हांला वरची श्रेणी मिळत नसे, म्हणून आम्ही ते केले; काही आनंदाने, काही नाइलाजाने. महाविद्यालयीन ग्रंथपालालाही तीच सोय आणि तीच सक्ती. शाळेतील शिक्षकाला वरिष्ठ श्रेणी आणि निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण आहे. शाळेतील ग्रंथपाल या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर उभा आहे. त्याने कार्यशाळा केली तर पगारात एक पैचा फरक पडत नाही, न केली तरी पडत नाही. तरीही नामपूरला मंडळी आली होती. स्वतःच्या खर्चाने, एस.टी.ने, आणि काही जण शाळेतला ऑफ तास दुसऱ्याच्या गळ्यात घालून. ग्रंथपालाच्या वेळापत्रकात ऑफ तासच अधिक असतात, हेही त्याच दिवशी कळले.

कायद्याचे आणखी एक नवल सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच अनुसूचीत शिक्षक किती, मुख्याध्यापक केव्हा, कला-आरोग्य-कार्यशिक्षणाचे अर्धवेळ निदेशक केव्हा, हेही आहे. ग्रंथपाल हा शब्द मात्र नाही. पुस्तकांना हक्क मिळाला, पुस्तक देणाऱ्या हाताला मिळाला नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेतही प्राथमिक शाळांना पुस्तके आली होती. अनेक ठिकाणी ती जडसंग्रह नोंदवहीत चढली, पेटीत गेली आणि बदलीच्या वेळी मोजून पुढच्या गुरुजींच्या ताब्यात दिली गेली. पुस्तक एकदा जडसंग्रहात गेले की ते खुर्ची, घंटा आणि पाण्याची टाकी यांचे भाईबंद होते. खुर्ची कोणी घरी वाचायला नेत नाही.

आता त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे येतो. हरवलेल्या पुस्तकाचे करायचे काय, याला शास्त्रात उत्तर आहे आणि ते जुने आहे. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २००५ च्या आवृत्तीत आणि पुढे २०१७ च्या आवृत्तीत (नियम २१५), ग्रंथालयाच्या पडताळणीविषयी कलम आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी करावी. आणि वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी ही वाजवी समजावी, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा हलगर्जीपणामुळे झालेली नसावी. मौल्यवान आणि दुर्मीळ ग्रंथांचा नियम अर्थातच वेगळा.

या कलमाचे मर्म त्याच्या भाषेत आहे. सूट मोजावयाची ती कपाटात असलेल्या ग्रंथांवर नव्हे, बाहेर गेलेल्या ग्रंथांवर. ज्या ग्रंथालयात पाच हजार पुस्तके आहेत आणि वर्षात एकही दिले गेले नाही, त्याची सूट शून्य. ज्याच्याकडे पाचशेच पुस्तके आहेत पण ती फिरून फिरून दोन हजार वेळा मुलांच्या हाती गेली, त्याला दहा पुस्तके हरवण्याची मुभा. देणाऱ्या ग्रंथपालाला संरक्षण आणि कोंडणाऱ्याला नाही, असा हा नियम आहे. जुन्या रुक्ष सरकारी गद्यात इतका उदार विचार दडलेला पाहून आम्हांला खरोखर आश्चर्य वाटले.

हा नियम केंद्राचा. नामपूरच्या किंवा सटाण्याच्या अनुदानित शाळेला तो आपोआप लागू होत नाही. पण शाळा समितीपुढे ठेवायला तो उत्तम आधार आहे. देवघेवीची नोंद दाखवावी, हजारी पाचाचा हिशेब मांडावा, ठराव करून घ्यावा आणि तेवढी पुस्तके निर्लेखित करावीत. हे सांगायला पाऊण तास पुरे. आम्ही पाहिलेल्या त्या कार्यशाळेच्या सकाळच्या सत्रात पडताळणीचा तक्ता शिकवला गेला, निर्लेखनाचा रकाना दाखवलाही गेला. तो भरण्याचा अधिकार ग्रंथपालाने कसा मिळवावा हे मात्र आले नाही. दुपारी आम्ही पुस्तक द्या म्हणत होतो. सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये जे सांगायला हवे होते ते जेवणाच्या सुट्टीत निसटून गेले.

प्रशिक्षण वेगळे असू शकते याचे उदाहरण दूर नाही. गोव्यात २००५ मध्ये पणजीत सुरू झालेल्या ‘बुकवर्म’ने शाळांत जाऊन पुस्तक वाचून दाखवणे, त्यावर मुलांशी बोलणे, कपाट उघडे ठेवणे यांना ग्रंथपालाचे मूळ काम मानले. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमातून चालणारा ग्रंथालय-शिक्षकांचा अभ्यासक्रमही याच वाटेवरचा. त्यात शिकणारा आधी स्वतः बालसाहित्य वाचतो आणि मग त्याविषयी लिहितो-बोलतो. आमच्या परिचयाच्या किती ग्रंथपालांनी आपल्या कपाटातील मुलांची पुस्तके वाचली असतील? हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी मराठीच्या प्राध्यापकांना विचारला तर अधिक अडचणीचा होईल, म्हणून सोडून देतो.

नियमाचा मजकूर सापडल्यावर आम्ही त्या ग्रंथपालांकडे गेलो. त्यांची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. तीन लोखंडी कपाटे, एक टेबल, शेजारी खेळाचे सामान. आम्ही नियम वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, मग देवघेवीची वही काढली आणि मागच्या वर्षाची पाने बोटाने मोजू लागले. पाने लवकर संपली. त्यांतली बहुतेक नावे शिक्षकांची होती आणि पुस्तके स्पर्धा परीक्षांची.

“म्हणजे सर, पाच हरवायची परवानगी पाहिजे तर आधी हजार द्यावी लागतील,” ते म्हणाले.

मग त्यांनी वहीचे कोरे पान उघडले, वर तारीख घातली आणि सातवीच्या दोन तुकड्यांना शनिवारी सकाळी कोणता तास मोकळा असतो, हे पाहायला वेळापत्रकाच्या फळ्याकडे निघून गेले. कपाटाची किल्ली टेबलावरच राहिली होती.